ओ'सलिवनांचा माग: आयर्लंडची फुकट सरकारी दप्तरं कुठवर साथ देतात

आयरिशजीनिअॅलॉजी डॉट आयई ही आयर्लंड सरकारची साइट. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि 1864 पासूनच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांची मूळ पानं थेट पडद्यावर उघडतात. साइट उत्तम आहे, यात वाद नाही. तरी नवखा माणूस तिथे हमखास फसतो, कारण तो आडनाव टाकतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. आडनाव दुर्मिळ असेल तर एखादवेळी निभावून जातं. ओ'सलिवन असेल तर नोंदींचा असा लोंढा अंगावर येतो की त्यातला आपला माणूस कोण हे ठरवायलाच महिना जातो. म्हणून हे परीक्षण मुद्दाम याच आडनावावर घासून केलेलं आहे. जे साधन ओ'सलिवनांपुढे टिकतं ते इतर बहुतेक आयरिश आडनावांना पुरतं.

आधी आडनाव. मराठी माणसाला आडनाव म्हटलं की 'कर' लावलेलं गाव आठवतं. आयरिश आडनावात गाव शोधू नये, तिथे माणूस असतो. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. 'ओ' हे इंग्रजी 'ऑफ'चं लघुरूप आहे ही समजूत साफ चुकीची. त्याच्या डोक्यावरचा स्वल्पविरामसुद्धा इंग्रज कारकुनांची देणगी. मूळ आयरिश लिखाणात 'ओ'वर तिरकी रेघ असते, तिला फाडा म्हणतात. हे मूळ आयरिश रूप साधारण 'ओ सूल्यव्हॉन' असं उच्चारलं जातं. त्यातला 'सूल' म्हणजे डोळा, इथपर्यंत अभ्यासकांचं एकमत आहे. पुढच्या भागाचा अर्थ काळा, गडद असा घ्यायचा की एकडोळ्या असा, यावर मतभेद आहेत. आठवणभेटीच्या दुकानांतल्या पाट्यांवर 'काळ्या डोळ्यांचा' असं ठाम छापलेलं असतं. तो ठामपणा दुकानदाराचा समजावा.

बायकांचं आडनाव वेगळं होतं, आणि शोध घेताना हे विसरलं की अर्धं घर हरवतं. आयरिशमध्ये मुलीच्या आडनावाला 'ओ'ऐवजी 'नी' लागतो आणि पुढचा 'स' मऊ होऊन 'ह' होतो, म्हणजे 'नी हूल्यव्हॉन'. लिहिताना एसच्या मागोमाग एच येऊन बसतो. लग्न झालेलीला 'बॅन ई' लागतं. 1911 च्या जनगणनेत काही घरांनी अर्ज हट्टाने आयरिशमध्ये भरले. तिथे बाप एका आडनावाखाली, मुली दुसऱ्या आणि बायको तिसऱ्या आडनावाखाली सूचीत गेलेली असते. तिघं एकाच घरात, एकाच कागदावर.

हे कूळ मुळात दक्षिण टिपरेरीतलं, शूर नदीकाठच्या नॉकग्राफन भागातलं. बाराव्या शतकाच्या शेवटी अँग्लो-नॉर्मन सरदारांच्या रेट्यामुळे ते पश्चिमेला, आजच्या केरी आणि कॉर्कच्या समुद्रकाठी सरकलं. तिथे दोन मोठ्या शाखा झाल्या: केनमेअरजवळ डंकेरन किल्ल्यातला ओ'सलिवन मोर आणि बेअरा द्वीपकल्पातला ओ'सलिवन बेअर. बेअर शाखेचा डनबॉय किल्ला 1602 च्या जूनमध्ये इंग्रजांनी पाडला. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी डोनल ओ'सलिवन सुमारे हजार माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला, आणि दोन आठवड्यांनी लीट्रिमला पोहोचली ती पस्तीस. इतकं होऊनही आडनाव नकाशावरून हललं नाही. सरदार गेले, कुळं तिथेच राहिली. रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीतल्या मॅथेसन यांनी 1890 च्या जन्मनोंदींवरून आडनावांचा अंदाज बांधला, त्यात मर्फी 62,600, केली 55,900 आणि तिसऱ्या क्रमांकावर सलिवन 43,600. मर्फी आणि केली देशभर पसरलेले. सलिवन मात्र बहुतांश कॉर्क आणि केरी या दोनच काउंटीत, म्हणजे मोठ्या प्रशासकीय विभागांत, दाटलेले. शोधणाऱ्याची सगळी डोकेदुखी या दाटीतून येते.

आता साइट. दोन वेगळे विभाग आहेत: नागरी नोंदी आणि चर्चच्या नोंदी. दोन्हींचा शोध स्वतंत्रपणे द्यायचा. नागरी विभागात जन्म 1864 पासून, पण शंभर वर्षांच्या आतले दिसत नाहीत. लग्नं 75 वर्षांपूर्वीपर्यंतची, मृत्यू 50 वर्षांपूर्वीपर्यंतचे. कॅथलिक सोडून इतरांची लग्नं 1845 पासून आहेत. सलिवनांना त्याचा उपयोग थोडाच, कारण बहुसंख्य कॅथलिक. पान उघडण्याआधी एक छोटा अर्ज येतो, 2004 च्या नागरी नोंदणी कायद्याच्या 61 व्या कलमाखालचा. आपलं नाव टाकायचं, खूण करायची, यंत्र नाही माणूस आहे हे सिद्ध करायचं. काम लांबलं की हाच अर्ज पुन्हा समोर येतो. चिडू नये, ब्राउझर बदलूनही सुटका नाही.

शोधाच्या चौकटीत आडनाव तीन प्रकारे टाकून बघावं: नुसतं सलिवन, 'ओ' जोडून, आणि 'ओ'नंतर जागा सोडून. साइट काही पर्यायी रूपं आपणहून धरते, पण त्यावर विसंबून राहू नये. एका 'एल'चं सलिवन, 'आय'च्या जागी 'ई' किंवा 'ए' घातलेलं सलिवन, अशी रूपं कारकुनांनी सर्रास लिहिली आहेत आणि सूची करणाऱ्यांनी ती तशीच उतरवली आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत 'ओ' जवळजवळ दिसतच नाही. इंग्रजी अमलाखाली तो गळून पडला होता. 1893 मध्ये गेलिक लीग निघाली, भाषेचा अभिमान परत आला, तसा 'ओ'ही हळूहळू परतला. त्यामुळे एकाच माणसाचा जन्म सलिवन नावाने, लग्न सलिवन नावाने आणि मृत्यू ओ'सलिवन नावाने नोंदलेला असणं हा अपवाद नाही, नियम आहे.

वर्षांची चौकट पाच-सहा वर्षांपेक्षा मोठी ठेवू नये. जिल्ह्याची चौकट मात्र रिकामी सोडू नये. हा जिल्हा म्हणजे काउंटी नव्हे. गरिबांच्या मदतीसाठी केलेल्या युनियनच्या हद्दींवर नोंदणीचे जिल्हे बेतलेले आहेत. सलिवनांसाठी कामाचे जिल्हे म्हणजे केनमेअर, कॅसलटाउन, बँट्री, किलार्नी, काहरसिवीन, स्किबरीन. कॅसलटाउन म्हणजे इथे बेअरातलं कॅसलटाउनबेअर; याच नावाची गावं आयर्लंडभर आहेत, तेव्हा पान उघडल्यावर वर काउंटी कॉर्क लिहिलंय ना, ते आधी बघावं.

जन्माच्या एका पानावर दहा नोंदी असतात, लग्नाच्या पानावर चार. बेअरातलं एखादं जन्माचं पान वाचायला घ्यावं. पहिल्या रकान्यात क्रमांक, मग तारीख आणि जागा, मुलाचं नाव, लिंग, बापाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, खबर देणाऱ्याची सही, नोंदीची तारीख. आईच्या रकान्यात 'जोहॅना सलिवन, फॉर्मर्ली सलिवन', म्हणजे माहेरची सलिवन, असं लिहिलेलं दिसलं की कारकुनाची चूक समजून पुढे जाऊ नये. सलिवनांची मुलगी सलिवनांकडेच दिलेली आहे, आणि हे इतकं नेहमीचं की कारकुनाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. खबर देणाऱ्याच्या रकान्यात नावाच्या मधोमध फुलीची खूण असेल तर सही न येणाऱ्याचा तो अंगठा. त्या माणसापुढे लिहिलेला पत्ता मात्र लाखमोलाचा. बऱ्याचदा ती आजी किंवा शेजारीण असते आणि तिच्या वस्तीचं नाव हाच पुढच्या शोधाचा धागा ठरतो.

जन्मतारखेवर फार विश्वास ठेवू नये. मुदतीबाहेर नोंद केली तर दंड होता, आणि डोंगरातून रजिस्ट्रारपर्यंतची वाट लांबची. उशीर झाला की लोक जन्माची तारीखच पुढे सरकवत. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा 3 तारखेचा आणि सरकारी वहीत जन्म 20 तारखेचा, असा उलटा प्रकार दिसला तर माणूस तोच आहे, खरी तारीख चर्चची. लग्नाच्या नोंदीत वयाच्या जागी 'फुल एज' एवढंच असतं, म्हणजे 21 पूर्ण. 22 की 52 याचा पत्ता नाही. पण तिथे दोन्ही बापांची नावं मिळतात. मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं नसतात, ही त्या दप्तराची सगळ्यात मोठी उणीव.

खरा घोटाळा पहिल्या नावांत आहे, आणि साइटला यातलं काही कळत नाही. कॉर्क-केरीत एकाच माणसाची घरातली हाक आयरिश, सरकारी वहीत इंग्रजी आणि चर्चच्या वहीत लॅटिन. डिअरमुड म्हणजेच जेरेमाया, तोच डार्बी, तोच डर्मट. टाइग म्हणजे टिमथी, कधी थॅडियस. क्रोहूर म्हणजे कॉर्नेलियस, हाक कॉन. ओवन म्हणजे यूजीन. फिनिन या पुरुषाच्या नावाचं इंग्रजी फ्लॉरेन्स केलं गेलं, तेव्हा फ्लॉरेन्स सलिवन नावाची व्यक्ती शेतकरी आणि पाच मुलांचा बाप निघाली तर दचकू नये. बायकांत होनोरा, हॅनोरा, नोरा एकच. गोबनेट या स्थानिक संत स्त्रीचं नाव इंग्रजीत अॅबिगेल किंवा डेबोरा होऊन येतं. ध्वनीचा काही संबंध नाही, केवळ वहिवाट. जेरेमाया सापडला नाही म्हणून शोध सोडणाऱ्यांची संख्या फार, आणि तो डार्बी म्हणून दोन ओळी खाली बसलेला असतो.

त्यात नाव ठेवण्याची रीत. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. म्हणजे डॅनियल सलिवनला चार मुलगे असतील तर त्या चौघांचे पहिले मुलगे सगळे डॅनियल सलिवन, एकाच डोंगरउतारावर, आठ-दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेले. या रीतीचा उलटा उपयोगही होतो. दुसऱ्या मुलाचं नाव कुटुंबात कुठेच बसत नसेल तर ते आईच्या बापाचं धरून चालावं आणि तिच्या लग्नाच्या नोंदीत पडताळावं. रीत आहे, कायदा नाही; पुरावा म्हणून एकटी चालत नाही.

चर्चचा विभाग कमी भागांपुरता आहे, पण सलिवनांचं नशीब चांगलं. केरीच्या नोंदी आहेत, कॉर्क आणि रॉस या कॅथलिक डायोसिसच्याही (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताच्याही) आहेत. इथे एक सापळा. बेअरा द्वीपकल्प बव्हंशी कॉर्क काउंटीत आहे, पण कॅथलिक कारभारात केरी डायोसिसकडे. कॉर्क निवडून आयरीझ किंवा अॅलिहीझ इथले सलिवन शोधणारा रिकाम्या हाताने परततो. भागाची चौकट मोकळी ठेवून पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या, नावावरून गाळावं. सरकारी पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश हेही वेगळे: आयरीझ गाव सरकारी कागदात किलकॅथरिन पॅरिशमध्ये येतं. काही नोंदींना मूळ पानाचं चित्र जोडलेलं आहे, काहींना नुसता उतरवलेला मजकूर. चित्र नसेल तिथे नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडची कॅथलिक नोंदवह्यांची साइट उघडावी. 2015 पासून तीही फुकट आहे. तिथे नाव टाकून शोध नाही, पॅरिश आणि महिना निवडून पानं चाळायची. पश्चिमेकडच्या बऱ्याच पॅरिशांत वह्या 1820 ते 1840 च्या दरम्यान सुरू होतात, आणि लायब्ररीकडची चित्रं साधारण 1880 ला थांबतात. शाई फिकट, मायक्रोफिल्म जुनी. तरी उताऱ्यावर शंका आली की मूळ पान बघण्याला पर्याय नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीतली धर्ममातापित्यांची दोन नावं उताऱ्यात अनेकदा चुकतात, आणि भावकी ओळखायची ती नेमकी त्या दोन नावांवरून.

नॅशनल आर्काइव्ह्जची जनगणनेची साइट हे दुसरं फुकट साधन. 1926 च्या आधीची पूर्ण घरटी पत्रकं 1901 आणि 1911 या दोनच वर्षांची आहेत. त्याआधीची का नाहीत याचं उत्तर कडू आहे: 1821 ते 1851 ची बहुतेक पत्रकं 1922 च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये जळाली, 1861 आणि 1871 ची सरकारने आधीच नष्ट केली होती, आणि 1881 व 1891 ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेली. उरलेल्या दोनांत जन्मठिकाण म्हणून फक्त काउंटी लिहिलेली असते, तेव्हा सलिवनांना 'काउंटी कॉर्क' या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. 1911 चं पत्रक जास्त कामाचं. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत, हे तिथे विचारलेलं आहे. सात जन्मली, पाच हयात, असं दिसलं की नागरी विभागात परत जाऊन त्या दोघांच्या मृत्यूच्या नोंदी काढता येतात.

1901 मध्ये 52 वर्षांचा असलेला माणूस 1911 मध्ये 70 वर्षांचा झालेला दिसेल. ती चूक नाही, पेन्शन आहे. 1909 च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्यांना म्हातारपणाचं पेन्शन मिळू लागलं, आणि 1864 आधी जन्मलेल्यांकडे सरकारी दाखला नव्हताच. तेव्हा वय सिद्ध करायला 1841 आणि 1851 च्या जनगणनेत अर्जदाराचं बालपणीचं घर शोधलं जाई. त्या शोधाचे अर्ज आर्काइव्ह्जकडे शाबूत आहेत आणि त्याच साइटवर फुकट बघता येतात. ज्या जनगणना जळाल्या त्यांतली काही घरं आता फक्त या अर्जांत उरली आहेत. आईबापांची नावं आणि वस्ती दोन्ही मिळतात. सलिवन शोधणाऱ्याने हा कोपरा पहिल्या आठवड्यातच झाडून घ्यावा. बरेच जण तिथवर पोहोचतच नाहीत.

मग ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, 1847 ते 1864. आस्कअबाउटआयर्लंड या साइटवर फुकट आहे. ही जमिनीच्या कराची मोजणी, जनगणना नव्हे. नाव फक्त कब्जेदाराचं. बायको-मुलं नाहीत, पोटभाडेकरूही बरेचदा नाहीत. टाउनलँड हे जमिनीचं सगळ्यात लहान एकक, देशात साठ हजारांवर. वाडी म्हटलं तर कल्पना येईल, पण काही टाउनलँडमध्ये एकही घर नसतं. ग्रिफिथच्या एका पानावर एकाच टाउनलँडमध्ये जॉन सलिवन दोन-तीनदा येतो, आणि मोजणीदारांनी ते वेगळे ठेवायला नावापुढे कंसात बापाचं नाव घातलेलं असतं किंवा टोपणनाव: 'बॉन' म्हणजे गोरा, 'रुआ' म्हणजे तांबड्या केसांचा, 'ओग' म्हणजे धाकटा. हे टोपणनाव जपून लिहून ठेवावं. अशी नावं घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालतात, आणि नातवाच्या नोंदीत पुन्हा 'रुआ' दिसलं की खुंटी पक्की ठोकली जाते.

ग्रिफिथचे रकाने वाचताना दोन चुका ठरलेल्या. 'हाऊस, ऑफिसेस अँड लँड' यातलं ऑफिस म्हणजे कचेरी नव्हे, गोठा आणि कोठार. आणि कब्जेदारांच्या नावांना मिळून महिरपी कंस घातला असेल तर जमीन सामाईक, बहुतेक वेळा भावाभावांत किंवा चुलत्यांत. साइटवर जोडलेले नकाशे अनेक ठिकाणी नंतरच्या आवृत्तीचे आहेत, त्यामुळे छापील क्रमांक आणि नकाशावरचा क्रमांक जुळला नाही तर आपलं वाचन चुकलं असं मानू नये. पुढच्या वर्षांत जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे व्हॅल्युएशन ऑफिसच्या दुरुस्तीच्या वह्यांत रंगीत शाईने खोडून लिहिलेलं आहे. बापाचं नाव खोडून मुलाचं लिहिलं ते वर्ष मृत्यूची नोंद कुठे शोधायची हे सांगतं. ते वर्ष आणि त्याआधीची दोन-तीन वर्षं बघावीत, कारण कागद मरणाच्या मागून येतो.

आडनावाचं आजचं वितरण दाखवणाऱ्या नकाशांचं काय? आयर्लंडपुरते दोन नकाशे कामाचे. जॉन ग्रेनम यांच्या साइटवर ग्रिफिथमधली घरं काउंटीनिहाय मोजलेली आहेत. रोज काही पानं फुकट, पुढे वर्गणी. बॅरी ग्रिफिन यांच्या साइटवर 1901 आणि 1911 ची जनगणना त्याहून लहान विभागांवर मांडली आहे, पूर्ण फुकट. सलिवनचा नकाशा उघडला की नैऋत्येचा कोपरा काळवंडून जातो आणि उरलेला देश जवळजवळ कोरा राहतो. सलिवन टाकून एकदा आणि ओ'सलिवन टाकून एकदा बघावं, दोन्ही नकाशे मनातल्या मनात एकावर एक ठेवावेत. जगभरातली आडनावं रंगवून दाखवणाऱ्या व्यापारी साइटींचे आकडे मात्र अर्धवट याद्यांवरून ताणलेले असतात, आणि सलिवन व ओ'सलिवन ही दोन वेगळी आडनावं समजून त्या मोजतात. करमणूक म्हणून ठीक. अमेरिकेसाठी तिथल्या सेन्सस ब्युरोने 2000 आणि 2010 च्या आडनावांच्या याद्या फुकट ठेवल्या आहेत, त्या भरवशाच्या.

अमेरिकेत नुसतं सलिवन का जास्त, याचं कारण वर येऊन गेलं आहे. 1845 ते 1852 च्या दुष्काळात आणि त्यानंतर जे गेले ते 'ओ' परतण्याआधी गेले. मायदेशी राहिलेल्यांच्या नातवंडांनी 'ओ' लावला, गेलेल्यांच्या नातवंडांना तो कधी लावावासा वाटला नाही. म्हणजे एकाच घरची अमेरिकन शाखा सलिवन आणि आयरिश शाखा ओ'सलिवन असणं अगदी सरळ आहे. अमेरिकेतल्या सूचीत 'ओ' लावून पुरावा मागणं व्यर्थ.

परदेशी कागदात गावाचं नाव मिळवण्याच्या तीन जागा सलिवनांसाठी खास. लॅन्सडाउन इस्टेटने 1851 मध्ये केनमेअर भागातली कुळं स्वखर्चाने न्यूयॉर्कला पाठवली, आणि ती फाइव्ह पॉइंट्स वस्तीत एकत्र राहिली. तिथल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेने खातेदाराची ओळख पटवायला त्याचं मूळ गाव, जहाज आणि आईबापांची नावं लिहून घेतली. ती खातेवही न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. दुसरी जागा बॉस्टनच्या 'पायलट' वृत्तपत्रातल्या, 1831 पासून छापलेल्या हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती. बॉस्टन कॉलेजने त्यांची शोधसूची फुकट ठेवली आहे. तिसरी, मोंटानातलं ब्यूट शहर. अॅलिहीझच्या तांब्याच्या खाणी बंद पडल्या तसे बेअरातले खाणकामगार थेट तिथल्या खाणींवर गेले. ब्यूटमधला सलिवन सापडला तर मूळ गाव शोधायची सुरुवात बेअरापासून करावी.

पैसे घेणाऱ्या साइटींपैकी रूट्सआयर्लंड काउंटी वारसा केंद्रांच्या उताऱ्यांवर चालते. केरीतल्या सलिवनांनी तिची वर्गणी भरण्यात हशील नाही, केरी सरकारी साइटवर फुकट आहे. पूर्व आणि उत्तर कॉर्ककडच्यांना मात्र ती लागते, कारण तिथलं क्लॉइन डायोसिस सरकारी साइटच्या चर्चविभागात नाही. महिन्याची वर्गणी घ्यावी, आधी प्रश्नांची यादी तयार ठेवावी, आणि महिनाभरात उरकावं.

राहिली ती पर्यटनगावांतली दुकानं. आडनावाचा इतिहास आणि कुलचिन्ह छापलेला, चर्मपत्रासारख्या कागदाचा गुंडाळा तिथे पाच मिनिटांत तयार मिळतो. छपाई सुबक, चौकट बरी. मजकूर सगळ्या सलिवनांना एकच. आयरिश कायद्यात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं. ते देणारी कचेरी म्हणजे डब्लिनमधली चीफ हेरल्डची, 1943 पासूनची. शिवाय ओ'सलिवन मोर आणि ओ'सलिवन बेअर यांची चिन्हं एकसारखी नाहीत. दुकानात कोणी विचारत नाही की आपण कोणत्या शाखेचे. भिंतीवर लावायला घ्यावं, वंशावळीच्या फायलीत लावू नये.

या सगळ्यावर मात करणारं दप्तर म्हणजे 18 एप्रिल 1926 ची जनगणना, स्वतंत्र आयर्लंडची पहिली. शंभर वर्षांच्या नियमाने तिची खुली होण्याची तारीख 18 एप्रिल 2026. वय वर्षं आणि महिने दोन्हींत विचारलेलं आहे, म्हणून पेन्शनने फुगवलेली वयं तिथे थोडी तरी खाली येतील. सूची वापरताना मात्र पहिल्या दिवसापासून आयरिश आणि इंग्रजी दोन्ही रूपं आणि 'ओ'चे वर सांगितलेले तिन्ही प्रकार टाकून बघावेत, कारण 1926 पर्यंत 'ओ' निम्म्या वाटेवर होता: काही घरांनी लावलेला, काहींनी नाही, आणि काही घरांत बापाला नाही पण मुलाला आहे.